नऊ नंबरची चाचणी

अल्माटीच्या मंडईत पंधरा वर्षं
मी वजनमापं तपासली.
पारड्याखाली मेण चिकटवणारे, पासंगाला खडा बांधणारे,
सफरचंदांच्या करंडीत तळाशी ओलं गवत दडपणारे,
सगळे मला लांबूनच ओळखायचे.
आता विमानात बसते.
इथे मला कोणी ओळखत नाही,
त्याचाच पगार मिळतो.

आसन तेवीस सी. कोणी विचारलंच तर
इस्तंबूलला बहिणीकडे चाललेय.
बहीण नाही.
बाहीत चमच्याएवढं थर्मामीटर आहे,
चहा पासष्ट अंशांखाली आला की एक गुण जातो.
संडासात कागदाचा बोळा टाकून येते
आणि वीस मिनिटांनी बघून येते, तो आहे का अजून.
चांगला दिवा बिघडलाय म्हणून सांगते.
हसणं मोजते, दातांचं वेगळं, डोळ्यांचं वेगळं.
डोळ्यांचं हल्ली फार कमी भरतं.

पहाटेचे पावणेतीन. खाली कॅस्पियन,
म्हणजे नुसता काळोख.
शेजारचा म्हातारा बाउर्साकचा डबा पोटाशी धरून घोरत होता,
कोणी चोरेल अशी त्याला झोपेतही धास्ती.
उरली होती नऊ नंबरची चाचणी:
चक्कर आल्याचे सांगावे. वेळ नोंदवावी.
बटण दाबलं.

एकतीस सेकंद.
मेरुएर्त, असं छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं,
पट्टी किंचित तिरकी, त्याचा पाव गुण.
साखरेचं पाणी. पायांखाली उशी. गळ्याचं बटण सैल.
सगळं पुस्तकात आहे तसं.
मग खाली गुडघ्यांवर बसून तिनं माझं मनगट धरलं
आणि स्वतःच्या घड्याळाकडे बघायला लागली.

मीही माझ्या घड्याळाकडेच बघत होते.
मी तिचे सेकंद मोजत होते,
ती माझे ठोके.
त्या अंधारात
दोघींचेच ओठ हलत होते.

"आपाय," ती म्हणाली, "एक चुकतोय. दर नववा."
मी म्हटलं, असेल, जागरण झालंय.
"जागरणानं नाही. आमच्या वडलांचा असाच चुकायचा.
उतरलात की आधी डॉक्टर. बहीण नंतर."

सगळी सोंगं आणता येतात म्हणतात,
पैशाचं तेवढं आणता येत नाही.
नाडीचंही येत नाही,
हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी, अकरा हजार मीटरवर कळलं.

हॉटेलात फॉर्म उघडला.
कलम एकेचाळीस: कर्मचाऱ्याने वैद्यकीय मत देऊ नये.
दिल्यास दोन गुण वजा.
मी कुणाचा पासंग कधी सोडला नाही.
सख्ख्या मावसभावाचा तराजू जप्त केला होता,
त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही,
तेव्हा घरीच बसले, दोन बटाटे उकडून खाल्ले,
पण तराजू परत दिला नाही.

खिडकीबाहेर फेरीबोटी भोंगे देत होत्या.
पेन ठेवलं. दोन बोटं मनगटावर.
सहा. सात. आठ.

इथे काहीच नाही.
मण भरायच्या आधी
काटा मधोमध थरथरून उभा राहतो ना,
आणि दुकानदार, गिऱ्हाईक, मी,
तिघंही श्वास धरून बघत असतो,
तेवढं.

दहा.

चहा एकसष्ट अंश: एक गुण वजा. तो ठेवला.
पट्टी तिरकी: पाव गुण. तोही.
बोळा चाळीस मिनिटं पडून होता, त्याचे दोन.
कलम एकेचाळीसपुढे लिहिलं:
कर्मचाऱ्याने मत दिले नाही. मोजले.
मोजमाप अचूक.

मंडईत अशा काट्यावर
मी स्वतःच्या हातानं शिक्का मारून द्यायचे.